विटांत गुंतलेली मजुरी

कॅनडातील टोरांटो शहरात कार्लटन आणि चर्च या रस्त्यांच्या कोपऱ्यावर पिवळट विटांची एक भव्य इमारत आहे. नाव मेपल लीफ गार्डन्स; पण ही बाग नव्हे. बर्फावरच्या हॉकीसाठी बांधलेले हे बंदिस्त मैदान.

साल १९३१. मंदीने लोकांचा रोजगार हिरावलेला. संघाचे सूत्रधार कॉन स्माइथ यांनी अशा दिवसांत बांधकाम काढले. पैसा कमी पडला, तेव्हा त्यांचे सहकारी फ्रँक सेल्के यांनी कामगार संघटनांना गळ घातली : मजुरीचा पाचवा हिस्सा रोखीऐवजी शेअरमध्ये घ्या. कामगार राजी झाले. हातात काम नसण्याच्या काळात त्यांनी घामाचा पैसा या विटांत गुंतवला. साडेपाच महिन्यांत मैदान उभे राहिले. १२ नोव्हेंबरच्या पहिल्या सामन्यात शिकागोने टोरांटोला २-१ असे हरवले.

छतालगतच्या सज्जातून फॉस्टर ह्युइट रेडिओवर समालोचन करीत. दूर गावी राहणाऱ्या असंख्य लोकांनी हे मैदान कानांनीच पाहिले. तो सज्जा मात्र १९७९ मध्ये मोडून जाळण्यात आला.

संघाचा इथला अखेरचा लीग सामना १३ फेब्रुवारी १९९९ रोजी झाला. पुन्हा शिकागोच, पुन्हा हार. २०११ पासून खाली किराणा मालाचे मोठे दुकान आहे. बर्फाच्या मध्यबिंदूच्या जागी फरशीवर लाल ठिपका. २०१२ पासून वरच्या मजल्यावर विद्यापीठाची मुले बर्फावर खेळतात.

इतिहासात नाव स्माइथ यांचे राहिले. पाचवा हिस्सा सोडणाऱ्यांची नावे कोण सांगणार? त्या विटाच त्यांची सही आहेत.