आठ मार्च आणि मस्टरवरच्या बायका

आज विषय आहे सरकारी आणि निमसरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनमधली महिला समिती. तुमच्यापैकी कितीतरी जणी अशा समितीत असतील. वर्षातून एकदा, 8 मार्चला, एक गुलाबाचं फूल, एक व्याख्यान, चहा-समोसा आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो. याला माझी हरकत नाही, एक दिवस हसतखेळत गेला तर बरंच आहे. पण दिल्लीत एक 8 मार्च असाही होऊन गेला, ज्याची आठवण प्रत्येक महिला समितीने ठेवायला हवी. तो होता 8 मार्च 2000.

दिल्ली महानगरपालिकेत तेव्हा रस्ते बांधायला, चर खणायला अनेक बायका मस्टर रोलवर, म्हणजे रोजंदारीवर होत्या. काम बारमाही, वर्षानुवर्षं तेच, पण नोकरी कायम नाही. कायम नोकरीतल्या बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा मिळायची, हिला मिळत नव्हती. रोजंदारीवरच्या बाईचा खाडा म्हणजे मजुरी बंद. म्हणून दिवस भरत आले तरी ती घमेलं उचलायची. महापालिकेचं म्हणणं होतं की या बायका रोजंदारीवरच्या आहेत, त्यांना ना रजेचे नियम लागू, ना 1961 चा मातृत्व लाभ कायदा.

दिल्ली म्युनिसिपल वर्कर्स युनियनने हा प्रश्न हाती घेतला. तो औद्योगिक न्यायाधिकरणाकडे गेला आणि 2 एप्रिल 1996 ला निवाडा झाला: तीन वर्षं सलग काम केलेल्या मस्टरवरच्या बायकांना कायद्याचे लाभ द्या. महापालिका उच्च न्यायालयात गेली, तिथे हरली. मग सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे न्यायमूर्ती सगीर अहमद आणि न्यायमूर्ती वाधवा यांच्या पीठाने महापालिकेचं अपील फेटाळलं. मातृत्व लाभ कायदा कायम आणि रोजंदारी असा भेद करत नाही, असं न्यायालयाने सांगितलं आणि रोजंदारीवरच्या बायकांनाही लाभ द्यायचा आदेश दिला. आधाराला राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं होती आणि स्त्रियांवरील भेदभाव संपवण्याचा आंतरराष्ट्रीय करारही होता.

निवाड्यापासून अंतिम निकालापर्यंत चार वर्षं गेली. 1996 मध्ये जन्मलेलं मूल तोवर बालवाडीत जायच्या वयाचं झालं होतं. त्याच्या आईला त्या निकालाचा काय उपयोग? म्हणूनच प्रश्न लवकर हेरणं आणि लवकर मांडणं याला एवढं महत्त्व आहे.

आता यात समितीचा संबंध कुठे येतो ते पाहू. औद्योगिक विवाद कायद्यात एक अट होती. कामावरून काढल्याचं प्रकरण सोडलं, तर एकट्या कामगाराची तक्रार विवाद ठरत नसे. युनियनने किंवा बऱ्याच कामगारांनी मिळून ती उचलावी लागे. म्हणजे एखादी बाई मुकादमाकडे रजा मागायला गेली तर ती विनवणी. तीच गोष्ट युनियनने ठराव करून मागितली तर ती मागणी. महिला समितीचं खरं काम या दोन्हींच्या मधलं आहे: दहा जणींच्या दहा कुरबुरी ऐकायच्या, त्यातलं सारखं काय ते शोधायचं, आणि कार्यकारिणीपुढे मागणी म्हणून ठेवायचं.

या कामाशी आपल्या मराठी मुलखाचं जुनं नातं आहे. जुलै 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. 1929 मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे 1979 मध्ये सिटूने कामकाजी महिलांची अखिल भारतीय समन्वय समिती स्थापन केली, तिच्या निमंत्रक होत्या विमल रणदिवे. कामगार चळवळीत बायकांचे प्रश्न 'नंतर बघू' या खात्यात टाकले जाऊ नयेत, यासाठी ती समिती होती.

आता तुमच्या कार्यालयाकडे वळू. समितीने कुठून सुरुवात करावी?

पहिलं, यादी करा. कायम, कंत्राटी, रोजंदारी, एजन्सीमार्फत आलेल्या, सगळ्या जणींची. केंद्र सरकारच्या कायम कर्मचारी महिलेला 180 दिवसांची प्रसूती रजा आणि पूर्ण नोकरीत 730 दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा आहे. तिच्याच मजल्यावर झाडू मारणाऱ्या कंत्राटी बाईला काय मिळतं? कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे आहेत, पण ते तिच्यापर्यंत पोचतात का? विचारा आणि लिहून ठेवा.

दुसरं, साध्या सोयी तपासा. आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का? पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी, ती कागदावर आहे की खरोखर?

तिसरं, लैंगिक छळाच्या तक्रारी. इथे एक घोळ नेहमी होतो. 2013 च्या कायद्याखालची अंतर्गत समिती मालक नेमतो. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरची. चौकशी तिने करायची. युनियनची महिला समिती वेगळी. तिने चौकशी करायची नाही, बाईच्या पाठीशी उभं राहायचं. तक्रार तीन महिन्यांत द्यायची असते हे तिला सांगायचं, अर्ज लिहायला मदत करायची, नाव कॅन्टीनमध्ये फिरणार नाही याची काळजी घ्यायची. आणि आरोप युनियनच्याच एखाद्या पदाधिकाऱ्यावर असेल, तरीही हेच करायचं. समितीची खरी परीक्षा तिथेच होते.

शेवटचं. आपल्या समितीच्या बैठकीत कोण येत नाही ते पाहा. बहुतेक वेळा येत नाहीत त्या कंत्राटी बायका, कारण त्या सभासदच नसतात आणि सुट्टी घेतली तर मजुरी जाते. बैठक जेवणाच्या सुट्टीत, त्यांच्या कामाच्या जागी घ्या. दिल्लीच्या त्या निकालात ज्यांना हक्क मिळाला, त्या याच बायका होत्या. येत्या 8 मार्चला फूल जरूर द्या, पण त्याआधी ती यादी पुरी करा.