कथेचा खर्डा आणि सहा दिवस

गटाच्या मीटिंगा, हप्ते, बँकेची कामं यांवर आपण नेहमीच बोलतो. आज जरा वेगळं सांगते. मुदतीत एक कथा कशी लिहून झाली, ते.

आपल्याकडे दिवाळी अंकाची पद्धत जुनी. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची. फराळासोबत अंक हातात यायचा तर कथा पावसाळ्यातच द्यावी लागते. मी आषाढात एका अंकाला ‘देते’ म्हणून बसले होते. श्रावणात फोन आला, “ताई, शुक्रवारपर्यंत पाठवा.” तो दिवस शनिवार. माझ्याकडे दीड पान होतं, आणि त्याची सुरुवात मी सात वेळा लिहिली होती.

मग गटाच्या हिशेबासारखं बसून मोजलं. कथा पंधराशे शब्दांची. माझ्या अक्षरात पानावर दीडशे शब्द बसतात, म्हणजे दहा पानं. पाच दिवस रोज दोन पानं, शुक्रवारी पक्कं करायचं. वेळ पहाटे साडेचार ते सहा. सहाला आमच्या नळाला पाणी येतं, मग डोकं आपलं राहत नाही.

नियम एकच केला. मागचं पान दुरुस्त करायचं नाही. शब्द अडला की तिथं फुली मारायची आणि पुढं जायचं. खर्डा म्हटलं की आपल्याला मिरचीचाच आठवतो. तोही ओबडधोबडच चांगला लागतो की!

कथा अशी: एक बाई गटातून कर्ज काढते, पिको-फॉलच्या मशीनसाठी. पैसे नवरा परस्पर भावाची उधारी फेडायला देतो. ती हातानं साड्यांना फॉल लावून हप्ते भरते. शेवटी नवऱ्याला पश्चात्ताप होतो, डोळे भरून येतात, वगैरे. बुधवारी सकाळपर्यंत आठ पानं झाली. मी खूश.

पण ही गोष्ट आमच्या गटातल्या एका मावशींची होती, आणि त्यांना विचारलं नव्हतं. दोन दिवस ते मनात टोचत होतं, मी मुदतीच्या नावाखाली दाबत होते. बुधवारी संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. पर्वतीच्या पायथ्याला त्यांची एक खोली. नवरा बाहेर गेल्यावर वाचून दाखवली.

शेवट ऐकून त्या हसल्याच. “पश्चात्ताप? अगं, त्याला ते आठवतसुद्धा नाही.” मग गप्प झाल्या आणि म्हणाल्या, “पिको-फॉल नको लिहूस बाई. सगळी वस्ती ओळखेल.”

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला, त्यावर नाव होतं विभावरी शिरूरकर. ते टोपणनाव. लेखिका म्हणजे मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, लग्नाविना राहिलेल्या मुलींची घुसमट लिहिली म्हणून गदारोळ झाला. लिहिणारीलाच नाव झाकावं लागलं, तर जिच्यावर बेतलंय तिचं किती झाकायला हवं! बी.ए.ला मराठी घेतलेल्या मला हे आधी सुचायला हवं होतं.

हातात गुरुवार आणि शुक्रवार. मशीन काढून मिरची कांडपाची गिरणी आणली. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून गुरुवारी दुपारी कांडप चालवणाऱ्या एका ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, डोळ्यांपेक्षा हाताची आग जास्त त्रास देते. रात्री लेकराच्या गालाला हात लावता येत नाही. ते वाक्य तसंच घेतलं, त्यांना सांगून. कथेतली बाई आता दुसरीच्या गिरणीवर राबून हप्ते फेडते. शेवटचा हप्ता भरून घरी येते, आणि नवरा विचारतो, “चहा ठेवतेस का?” बस, तिथंच थांबवली.

दहा ऐवजी नऊ पानं झाली. तीन फुल्यांचे शब्द शेवटपर्यंत सापडले नाहीत, ती वाक्यंच काढून टाकली. शुक्रवारी नळाला पाणी आलं तेव्हा निम्मं पक्कं व्हायचं होतं. त्या दिवशी पाणी लेकानं भरलं. दुपारी पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले.

संध्याकाळी मावशींना सांगायला गेले. म्हणाल्या, “छापून आली की मला वाचून दाखव. घरी नको पण. स्वारगेटला जाऊ, तिथं कुणी कुणाकडे बघत नाही.”