जमाखर्च जुळविणारे यंत्र



संस्थेच्या हिशेबाच्या वह्या चोख असल्याचे कार्यवाहांनी आत्ताच सांगितले. तोच धागा धरून आम्ही एका निराळ्याच जमाखर्चाविषयी चार शब्द बोलणार आहोत.

जिनीव्हा शहराजवळ, स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सरहद्दीवर, जमिनीखाली सुमारे शंभर मीटर खोल असे २७ किलोमीटर घेराचे भुयार आहे. त्यात प्रोटॉनांचे दोन झोत उलटसुलट दिशांनी धावतात व ठराविक जागी एकमेकांवर आदळतात. त्यांपैकी एका जागी सी.एम.एस. नावाचे १४,००० टनांचे शोधकयंत्र बसविले आहे. टक्करीतून उडणाऱ्या कणांची वाट व ऊर्जा टिपणे, हे त्याचे काम. एका बाजूस जेवढा जोर गेला, तेवढा समोरच्या बाजूसही दिसला पाहिजे. न दिसला, तर एखादा अदृश्य कण निसटला असेल, किंवा आपल्याच भिंतीला गळती असेल. गळती असताना नवा कण सापडल्याची दवंडी पिटली, तर शास्त्रज्ञाची अब्रू गेलीच म्हणायची!

ही गळती धरण्यासाठी प्रचंड चुंबकाच्या वेटोळ्याबाहेर आणखी एक थर आहे. त्याच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा. कण आरपार गेला की क्षणभर चमकणाऱ्या प्लास्टिकच्या फरशा तेथे लावल्या आहेत. ती चमक बारीक तंतूंतून नेऊन तिची वीज करणारे जे ‘डोळे’ आरंभी बसविले, त्यांत तेथील चुंबकक्षेत्रामुळे ठिणग्या उडत आणि वहीत खोटी नोंद होई. म्हणून २०१३-१४ च्या दीर्घ बंदकाळात त्यांच्या जागी सिलिकॉनचे इवलेसे डोळे लावले. यांना चुंबकाची बाधा नाही. विजेचा दाबही थोडा पुरतो. फरशा मात्र जागच्या हलविल्या नाहीत. काय टाकावे याइतकाच काय ठेवावे याचाही विचार झाला, हे आम्हांला विशेष वाटते.

नवे ते सारेच बिनचूक, असे मात्र नव्हे. २०१७ साली टक्करीच्या अगदी जवळचे थर बदलले. ६ कोटी ६० लाख संवेदक ठिपक्यांचे १२ कोटी ४० लाख झाले. त्याच वर्षअखेर त्यांना वीज पुरविणारे छोटे रूपांतरक बंद पडू लागले. किरणोत्साराने त्यांच्या चिपांत बिघाड होत होता. हिवाळ्यात यंत्र उघडून ते सारे बदलावे लागले.

पुढचे काम याहून अवघड. २०३० च्या सुमारास झोत इतके दाट करावयाचे आहेत की दर ठोक्याला १४० ते २०० टक्करी एकदम व्हाव्यात. मूळ आराखडा सुमारे २५ चा होता. आणि ठोके सेकंदाला चार कोटी! एवढ्या गर्दीत कोणता कण कोणत्या टक्करीचा, हे नुसत्या जागेवरून कळणार नाही. म्हणून वेळ मोजणारा नवा थर योजिला आहे. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचेही सुमारे तीस तुकडे करून तो कणाच्या आगमनाची नोंद करील.

हिग्ज कण तर २०१२ सालीच सापडला, मग एवढा खटाटोप कशाला, असे आमचे एक स्नेही विचारतात. प्रश्न रास्त आहे. हिग्ज कण आपल्याच जातीच्या कणाशी कसा वागतो, हे पाहायचे तर एकाच टक्करीत दोन हिग्ज निपजलेले सापडले पाहिजेत. हजार हिग्जमागे अशी एक जोडीही धड येत नाही. ती दोनशे टक्करींच्या कल्लोळातून निवडायची, आणि भिंतीच्या गळतीने आपल्याला फसविलेले नाही, याची खात्री करून मगच वहीत मांडायची.