संध्याकाळी कोंबडीचे पाय बघा



मागच्या पावसाळ्यात माझी एक तलंग लंगडायला लागली. नुकतीच अंड्यावर आली होती. मला वाटलं, उडी मारताना पाय मुरगळला असेल, होईल दोन दिवसांत नीट. दोनाचे आठ दिवस झाले. मग सासूबाईंनी तिला उचललं, पाय उजेडात धरला आणि मला हाक मारली. मधल्या बोटाच्या मुळाशी शिवणाचा दोरा गुंडाळलेला होता. माझ्याच मशीनचा. मी ब्लाऊज शिवते आणि कातरलेले दोरे अंगणात झाडून टाकते. दोरा मांसात रुतला होता, बोट काळं पडलं होतं. कोंबडी वाचली, बोट गेलं. पहिल्याच दिवशी तिला उचलून पाहिलं असतं तर कात्रीच्या टोकानं काम झालं असतं.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी कोंबड्या कोंडताना त्यांचे पाय बघते. आज तेच सांगायला आले आहे.

आपल्याकडे पाच-दहा कोंबड्या बहुतेक घरी असतात. अंड्यांचा पैसा घरच्या बाईच्या हातात येतो. त्यातून गटाचा हप्ता जातो, मुलांच्या वह्या येतात. कोंबडी लंगडी झाली की ती चाऱ्यापर्यंत पोचत नाही, बाकीच्या तिला टोचतात, अंडी बंद होतात. मग दारावर येणारा व्यापारी म्हणतो, "लंगडी आहे," आणि निम्म्या भावात घेऊन जातो.

बघायचं कसं? दिवेलागणीला कोंबड्या शांत असतात. दोन्ही पंख अंगाशी दाबून तिला काखेत घ्या. पायांना धरून उलटी लटकवू नका, त्यानंच सांधा निखळतो. आधी तळवा बघा, मग बोटांमधल्या फटी, मग पायाच्या नळीवरची खवलं. दोन्ही पाय हातानं चाचपा. एक गरम किंवा सुजलेला लागला तर लगेच कळतं. एका कोंबडीला एक मिनिटसुद्धा लागत नाही.

लंगडी कोंबडी दिसली की स्वतःला पहिला प्रश्न विचारा : एकच लंगडते आहे की दोन-तीन? एकच असेल आणि खातपीत असेल, तर बहुतेक वेळा दुखणं पायात असतं आणि घरी काही करता येतं. एकापाठोपाठ एक बसू लागल्या, तर ते पायाचं दुखणं नाही. तो रोग आहे.

आधी पायातलं दुखणं. पारनेर, पाथर्डी, शेवगावकडे बाभळीचे काटे आणि खडे. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात पावसाळाभर चिखल, खुराड्यात ओल. दोन्हीकडे तळव्याला जखम होते, तिच्यातून जंतू आत शिरतात आणि तळव्यावर गाठ येते. गाठीवर काळी खपली दिसते. जड कोंबड्यांना हे जास्त होतं. गिरिराज, वनराज या सुधारित जातींचे नर अंगानं भारी, उंच दांडीवरून टणक जमिनीवर उडी मारली की सगळा भार तळव्यावर येतो. गाठ लहान आणि मऊ असेल तर कोमट मिठाच्या पाण्यात पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवा, कोरडा करा, पोव्हिडोन आयोडीनचं मलम लावा, स्वच्छ कापडाची सैल पट्टी बांधा आणि कोंबडी कोरड्या भुशावर वेगळी ठेवा. रोज पट्टी बदला. गाठ कडक, गरम किंवा मोठी असेल तर डॉक्टरांना दाखवा. ब्लेडनं कापायला जाऊ नका. आणि हे करताना हातात प्लास्टिकची पिशवी घाला, नंतर साबणानं हात धुवा. हे जंतू आपल्या हातावरच्या जखमेतही जातात.

दुसरं म्हणजे खवलांची खरूज. म्हाताऱ्या कोंबडीच्या नळीवरची खवलं उचललेली, जाड, पांढरट खडूसारखी दिसतात. बाया म्हणतात, वय झालं. वय नव्हे, खवलांच्या खाली डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. ते एकीचे दुसरीला लागतात. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवा, जुन्या मऊ ब्रशनं हळू घासा, पुसा आणि व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल खवलांच्या फटीत जाईल असं चोळा. दर दोन-तीन दिवसांनी, तीन-चार आठवडे. सगळ्याच कोंबड्यांचे पाय बघा. खवलं नखानं उपटू नका, रक्त येतं. रॉकेल आणि गाडीचं काळं ऑईल लावायची आपल्याकडे सवय आहे. त्यानं कातडी भाजते. ते बंद करा.

तिसरं, पिल्लांचे पाय. कागदावर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवलेल्या पिल्लांचे पाय घसरून दोन बाजूंना फाकतात. खाली गोणपाट किंवा तूस पसरा. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लांची बोटं आत वळून मुठीसारखी झाली, ती घोट्यावर बसून सरकू लागली, तर नुसत्या कण्या खाऊन जीवनसत्त्व ब-२ कमी पडलेलं असू शकतं. ताक, मेथी-शेवग्याचा बारीक चिरलेला पाला सुरू करा आणि दवाखान्यातून जीवनसत्त्वाचं औषध आणा. लवकर केलं तर पिल्लू उभं राहतं. उशीर झाला तर बोटं तशीच राहतात.

चौथं अंड्यावरच्या कोंबडीचं. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. ज्वारी-बाजरीत ते फारच थोडं. खाण्यातून मिळालं नाही की कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. कवच पातळ होतं, मग पाय लटपटतात, मग ती बसते. शिंपल्यांचा चुरा खाद्याच्या दुकानात मिळतो, तो वेगळ्या वाटीत ठेवा, लागेल तेवढा ती खाते. घरची अंड्यांची कवचं धुऊन, वाळवून, भाजून, बारीक करून दिली तरी चालतात. पानाचा चुना मात्र देऊ नका, तोंड भाजतं. आणि कोंबडी दिवसभर डालग्याखाली कोंडू नका. उन्हाशिवाय ते कॅल्शियम अंगी लागत नाही.

आता रोगाकडे येऊ. खुराड्याच्या फटीत, बांबूच्या पेरात, भिंतीच्या चिरेत दिवसा लपून बसलेली गोचीड रात्री बाहेर येते आणि कोंबडीचं रक्त पिते. सकाळी बघावं तर कोंबडीवर काही नसतं. म्हणून रात्री बॅटरी घेऊन बघा. या गोचिडीमुळे ताप येतो, पाय लुळे पडतात, कोंबड्या मरतात. ती कित्येक महिने उपाशी जगते, त्यामुळे खुराडं नुसतं रिकामं ठेवून भागत नाही. फटींत उकळतं पाणी ओता, फटी बुजवा, चुना मारा आणि गोचिडीचं औषध डॉक्टरांना विचारूनच फवारा. औषध वापरलं तर किती दिवस अंडी खायची आणि विकायची नाहीत, तेही विचारून घ्या.

दोन-चार महिन्यांची तलंग एक पाय पुढे, एक पाय मागे टाकून पडली, तर तो मरेक्स असू शकतो. त्याला औषध नाही. लस आहे, पण ती पिल्लू निघालं त्याच दिवशी, उबवणी केंद्रातच देतात. म्हणून पिल्लं विकत घेताना "मरेक्सची लस दिली का?" असं विचारा. पाय लुळे, मान पिळलेली, हिरवट पातळ हगवण, म्हणजे मानमोडीचा संशय. यावरही औषध नाही, लसच आहे : पहिल्या आठवड्यात लासोटा, ती महिन्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी.

इथं गटाचं काम आहे. लसीची बाटली शंभर-दोनशे कोंबड्यांची येते, आणि एकदा पाण्यात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण बाटली फोडणार? म्हणून एकटी बाई लस देतच नाही. पण गटातल्या पंधरा घरांनी एक सकाळ ठरवली, तर बाटली पुरते आणि खर्च वाटला जातो. लस बर्फात आणायची, आजारी कोंबडीला द्यायची नाही.

एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या बसल्या किंवा पटापट मेल्या, तर बाजारात नेऊ नका, कापू नका, ओढ्यात फेकू नका. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. १९६२ या नंबरला फोनचे पैसे लागत नाहीत. एरवीच्या शंकांसाठी राहुरीचं कृषी विद्यापीठ आहे, बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रं आहेत. विचारायला लाजू नका.

आणि खुराडं नीट ठेवलं तर निम्मी दुखणी येतच नाहीत. दांडी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, मनगटाएवढी जाड, धारदार कडा नसलेली. खाली कोरडा भुसा, ओला झाला की बदललेला. एका कोपऱ्यात लोळायला राख-माती. अंगणात तारा, काचा, दोरे नकोत.

माझी ती तलंग आता कोंबडी झाली आहे. एका बोटानं कमी, पण अंडी देते. शिवणाच्या मशीनखाली मी एक डबा ठेवला आहे. दोरे त्यात जातात.

आज संध्याकाळी कोंबड्या कोंडाल तेव्हा एकेक उचलून पाय बघा. काय दिसलं ते गटाच्या बैठकीत एकमेकींना सांगा.