रिपोर्ट कोरा, पण दुखणे खरे
(हितचिंतकांच्या मेळाव्यात मिशन दवाखान्यातील परिचारिकेने केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात पाड्यावरची एक ताई आमच्याकडे आली. सकाळी तास-दीड तास तिच्या मुठी वळत नसत. भाकरी थापता येईना, आवणीला कोणी बोलावीना. दोन ठिकाणी रक्त तपासून झाले होते. आमवाताची खूण नाही म्हणून दुखण्याच्या गोळ्या देऊन तिला परत पाठवले होते. घरचे म्हणत, सोंग करते. ती मला म्हणाली, "सिस्टर, कागद म्हणतो काय नाय. मंग हे हात कोणाचे?"

आमवातात शरीराची रक्षण करणारी शक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. पण चार-पाच रुग्णांमागे एकाच्या रक्तात आर. ए. फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी सापडत नाही. उलट क्षय किंवा कुष्ठरोग झालेल्याच्या रक्तात आर. ए. फॅक्टर दिसू शकतो. 2010 साली अमेरिका व युरोपच्या संधिवात संघटनांनी ठरवलेल्या कसोटीत 10 पैकी 6 गुण लागतात. त्यात या रक्तखुणांना जास्तीत जास्त 3 गुण, तर सुजलेल्या-दुखऱ्या सांध्यांना 5 पर्यंत. सहा आठवडे टिकलेल्या दुखण्याला आणखी 1.

आमच्या डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून पाहिला. बारा सांधे सुजलेले होते. चिकुनगुन्या, सिकलसेल, क्षय, कुष्ठरोग यांनीही सांधे धरतात. ते आधी तपासून वगळले. मग शहरातल्या तज्ज्ञांनी निदान पक्के केले.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर जिवावर बेतते. म्हणून आम्ही तिला बाजाराचा दिवस ठरवून दिला. यकृताची व रक्ताची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते, आणि गरोदरपणात हे औषध चालत नाही.

आज ती भाकरी थापते. दोन बोटे मात्र वाकडीच राहिली. ती उशिराची किंमत.

मार्काच्या शुभवर्तमानातली बारा वर्षे आजारी असलेली स्त्री आठवा. वैद्यांपायी तिचे सर्वस्व गेले होते. प्रभू गर्दीत थांबला आणि त्याने तिचे सगळे ऐकून घेतले. आपण दिलेल्या दानातून अशा बहिणींचे एसटीभाडे व तपासणीचा खर्च भागतो. आपल्या मंडळीतही कुणाचे सांधे सहा आठवडे सुजलेले असतील, तर रिपोर्ट कोरा आहे म्हणून त्यांना गप्प बसवू नका. पुन्हा दाखवायला सांगा.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.