गुडघेदुखीची गोळी आणि तुळजापूरची वाट
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरपर्यंतची सुमारे ४५ किलोमीटरची वाट हजारो भाविक पायी चालतात. त्यांत आपल्या घरांतील वडीलधारी मंडळीही असतात. गुडघे बोलू लागले की पिशवीतून डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक अथवा आयबुप्रोफेनची गोळी निघते आणि पानसुपारीसारखी शेजाऱ्यालाही दिली जाते.

आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ठणका व सूज त्यांच्यामुळे वाढते हे खरे. परंतु जठराचे अस्तर राखणे आणि अंगातील पाणी घटले असता मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह टिकविणे, ही कामगिरीही त्यांचीच. ॲस्पिरिन १८९९ पासून विक्रीस होते. पण ते ही द्रव्ये अडविते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. पुढे १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. सारांश, गोळी चोरासमवेत पहारेकऱ्यालाही बांधून ठेवते.

आता ऑक्टोबरचे ऊन, उपवासाचे पोट आणि घोटभर पाणी अशा स्थितीत ही गोळी घेतली, तर मूत्रपिंडास इजा होऊ शकते. त्यातच टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढविणारी गोळी चालू असेल, तर धोका फारच वाढतो. साठी उलटलेल्या पुष्कळांच्या डब्यात या दोन्ही असतात, हे विसरू नये.

दुकानात “कंबरदुखीची द्या” म्हटले, की कित्येकदा तेच औषध दुसऱ्या नावाने पदरात पडते व मात्रा दुप्पट होते. पाकिटावरील बारीक अक्षरे घरातील शाळकरी मुलांकडून वाचून घ्यावीत.

जठरव्रण, दमा, हृदयविकार वा मूत्रपिंडविकार असलेल्यांनी, तसेच गर्भवती भगिनींनी ही गोळी वैद्यांना विचारल्यावाचून घेऊ नये. डेंगीची शंका असलेल्या तापात तर ती वर्ज्यच. तेथे पॅरासिटामॉल, तेही मात्रेतच. वाटेवरही आधी सावली, पाणी आणि विसावा. गोळी घेणे भागच पडले, तर जेवणानंतर, लहानात लहान मात्रेत, थोडेच दिवस.

लघवी कमी होणे, चेहऱ्यावर वा पायांवर सूज, डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी यांपैकी काही दिसताच गोळी थांबवून रुग्णालय गाठावे. चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे बरोबर न्यावीत. “ती पांढरी, बारीक गोळी” एवढ्यावरून वैद्यांना काहीच उमगत नाही.