पेल्यावांचूनची मैफल

आयर्लंडांतील खेडेगांवच्या मद्यगृहांत संध्याकाळीं कोपऱ्यांतील एका मेजाभोंवतीं चारपांच गांवकरी व्हायोलिन, बांसरी घेऊन बसतात. रंगमंच नाहीं, तिकीट नाहीं. ज्याला जें येतें तें त्यानें वाजवावें, इतरांनीं पेला हातीं धरून ऐकावें. श्रोतेहो, अशी बैठक निफाड तालुक्यांतहि सांपडेल; पेला मात्र सांपडणार नाहीं.

हें नवलच म्हणावयाचें, कारण हा प्रांत द्राक्षांचा. पिंपळगांव बसवंतचीं द्राक्षें परदेशीं जातात, विंचूरला तर मद्यनिर्मितीसाठीं सरकारनें स्वतंत्र वसाहत वसविली आहे. तरी दिवसभर द्राक्षमळ्यांत राबलेला मजूर रात्रीं गाणें ऐकावयास जातो तो देवळाच्या ओट्यावर.

पौषांतील थंडी निफाडकडे फार कडक. कुंदेवाडीच्या गहू-संशोधन केंद्रांत पारा कधीं कधीं ५ अंशांच्याहि खालीं उतरतो. पण याच महिन्यांत, वद्य एकादशीस, त्र्यंबकेश्वरीं निवृत्तिनाथांची यात्रा भरते; त्यामुळें घोंगड्या पांघरून मंडळी जमतेच. प्रथम पखवाजी धुम्याला ओली कणीक लावतो. कणीक अधिक झाली तर नाद खालीं उतरतो, कमी झाली तर वर चढतो. बोटानें चिमूटभर काढावी, पुन्हां थापावी, कान लावून पाहावें. सारी मंडळी तोंवर निमूट बसून राहते. (गव्हाच्या संशोधनाच्या गांवीं गव्हाला हाहि एक मान!) मग नामाचा गजर, रूपाचे अभंग, आणि रात्र चढल्यावर गौळण. पुढच्यानें चरण म्हणावा, टाळकऱ्यांनीं झील धरावी. नवख्या पोराचा टाळ चुकला कीं शेजारचा म्हातारा त्याला कोपरानें ढोसतो. तेथलें शिक्षण तें एवढेंच, आणि तें पुरतें.

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजीं याच निफाडांत जन्मले. १८६७ सालीं मुंबईंत निघालेल्या प्रार्थनासमाजाच्या उपासनेंत तुकोबांच्या अभंगांस स्थान मिळालें, त्यांत रानड्यांचा वांटा मोठा होता. मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथांतहि त्यांनीं संतांना एक सबंध प्रकरण दिलें.

पण ओट्यावर बसणाऱ्याची गोष्ट याहून साधी आहे. तुळशीची माळ घातली कीं मद्यमांस वर्ज्य, हा वारकऱ्यांचा नेम. ज्या दिवशीं मजुरी हातीं पडते तो दिवस या नेमाच्या कसोटीचा. थकलेल्या माणसाला गुत्ताहि बोलावतो आणि ओटाहि. गुत्ता पैसे घेतो. ओटा कांहींच घेत नाहीं, वर पहांटेपर्यंत बसवून ठेवतो. घरच्या बाईला हा हिशेब कोणीं शिकवावा लागत नाहीं.

हल्लीं पुष्कळ ओट्यांवर कर्णे बसले आहेत. त्यांनीं भजन लांबवर पोंचविलें खरें, पण सारे टाळ एकमेकांत मिसळून त्यांचा एकच कल्लोळ करून टाकला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं रात्रीं दहानंतर कर्ण्यांस मनाई केली, हें भजनाच्या दृष्टीनें फार बरें झालें. दहाला कर्णा मिटतो. मग गल्लीच्या टोंकाशीं, भाकरी झांकून जागत बसलेल्या बाईला त्या आठदहा टाळांतून आपल्या घरचा टाळ ओळखतां येतो.